सरकारी इमारतीत साउंड इन्स्टॉलेशन केलं तर लोक थांबून ऐकतील का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या रोजच्या वापरातल्या एखाद्या इमारतीत आवाजाची मांडणी केली, तर एरवी नजरेतून सुटणारं काही लोकांना दिसेल का.

दिसेल, पण आवाज बाहेरून आणून ओतलात तर नाही. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

एका जुन्या कचेरीच्या जिन्याखाली मी दोन स्पीकर ठेवले होते. टाइपरायटरची टकटक, शिक्क्यांचे ठोके, फायली झटकल्याचे आवाज, सगळं आधी रेकॉर्ड केलेलं. फार कलात्मक! येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. दुसऱ्या दिवशी शिपायाने माझा प्लग काढून तिथे स्वतःचा चार्जर लावला होता. रागवायचं कुणावर? त्या आवाजांचा जिन्याशी संबंधच नव्हता.

मग पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून बझरच्या पितळी चकत्या आणल्या. 'पिझो' म्हणून मागा. वीज दिली की ही चकती थरथरते, आणि थरथरवली की वीज देते. हवेतलं बोलणं तिला फारसं ऐकू येत नाही. जिला चिकटवाल त्या वस्तूच्या पोटातलं येतं. (साध्या माइकच्या सॉकेटला थेट जोडू नका, खर्ज निघून जातो आणि सगळं पत्र्यासारखं वाजतं. मध्ये एक मेगाओहम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट, लागतो.) अशा दोन चकत्या कठड्याच्या लोखंडी गजांना चिकटवल्या आणि खाली एक हेडफोन टांगला.

वरच्या मजल्यावर कुणी कठडा धरला की बोटातली अंगठी खालपर्यंत खरवडत यायची. आणि पावलांच्या रांगेत एकच पायरी वेगळी बोलायची, 'कट्'. मोजत वर गेलो. सातवी. फळी सैल झालेली, कठड्याच्या बाजूला झिजून बशीसारखी. भिंतीकडची कड मात्र कोरी करकरीत, कारण सगळे कठडा धरूनच चढतात. रोज तिथून ये-जा करूनही मला ते दिसलं नव्हतं. रेकॉर्ड विभागातल्या ताईंना हेडफोन दिला, तर त्या हसल्या. "अहो, ती वाजली की तर आम्हाला कळतं साहेब आले ते!"

लंडनच्या मिलेनियम पुलाच्या तारांवर ध्वनिकलाकार बिल फोंटाना यांनी २००६ साली असेच कंप टिपणारे सेन्सर लावून पूल ऐकवला होता. त्यांच्यासारखेच ध्वनिकलाकार मॅक्स न्यूहाउस यांनी तर १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पदपथावरच्या जाळीखाली आवाज ठेवला आणि पाटीसुद्धा लावली नाही. मला तोच बाणा आवडतो.

सुरुवात पुण्याच्या महात्मा फुले मंडईपासून करा, तिथे यंत्रही लागणार नाही. गाळ्यासमोर 'घ्या दहाला जुडी' नीट ऐकू येतं. मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखाली सरकलात की शब्द विरतात आणि नुसता घुमारा उरतो. मान आपोआप वर जाते. तिथे खडूने वर्तुळ काढून 'इथे अर्धा मिनिट उभे राहा' एवढंच लिहा.

परवानगीचं म्हणाल, तर लाउडस्पीकरला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांखाली लेखी परवानगी काढावी लागते. म्हणून हेडफोनच बरे. अर्जातही 'साउंड' लिहू नका, साहेबांच्या डोळ्यांसमोर थेट विसर्जनातली स्पीकरची भिंत उभी राहते. मी 'जिना ऐकण्याची सोय' असं लिहिलं होतं. सही मिळाली.