पुण्यातली एखादी मायक्रोब्रुअरी खरंच जाण्याजोगी आहे की नुसता देखावा, हे कसं ओळखायचं?

प्रश्नाखालचा तुमचा तपशील वाचला. मेव्हणा बंगळुरूला असतो, दर फोनवर तिथल्या मायक्रोब्रुअऱ्यांचं, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणांचं, कौतुक ऐकवतो, ‘तुमच्या पुण्यात आहे काय’ असं विचारतो आणि आता चार दिवस येतोय. तुम्ही स्वतः वर्षातून एकदोनदा पिणारे. त्यामुळे कुठे खरा माल आहे आणि कुठे नुसते पिवळे दिवे टांगलेत, ते कळत नाही.

नावांची यादी मी देणार नाही. ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, नोकरी सोडून गेला की सहा महिन्यांत त्या जागेची चव बदलते, त्यामुळे आज केलेली यादी तुमचा मेव्हणा येईपर्यंत शिळी झालेली असेल. कशावरून ओळखायचं तेवढं सांगतो.

माझी ओळख आधी सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी काही ब्रूमास्टर नाही. भोसरीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये आहे, एकोणीस वर्षं झाली. सुरुवातीची सगळी वर्षं दुधाच्या टाक्यांत गेली. मग मायक्रोब्रुअऱ्यांची कामं यायला लागली: टाकी बसवून द्या, व्हॉल्व्ह गळतोय, चिलरची लाइन बदला. त्यामुळे या जागा मी बऱ्याचदा सकाळी अकराला, मागच्या दाराने, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना बघितल्यात. बिअर प्यायला लागलो ते नंतर.

डेअरीतून आल्यामुळे मला एक गोष्ट लगेच पटली. ब्रुअरीकडे दारूचं दुकान म्हणून बघू नका, दुधाची डेअरी म्हणून बघा. बाटलीतली नेहमीची बिअर गाळलेली, पाश्चराइज केलेली असते, म्हणून महिनोन्‌महिने टिकते. मायक्रोब्रुअरीतली बहुतेक बिअर यातून गेलेलीच नसते. टाकीतून निघते, पाइपातून वीसतीस फूट जाते आणि ग्लासात पडते. यीस्ट जिवंत असतं. म्हणजे माल नाशवंत. तो ताजा मिळतो म्हणूनच घरून उठून तिथे जायचं, नाहीतर बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतेच की. पण तो नाशवंत आहे हे तिथल्या माणसांना कळतंय की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारा: ‘यातली सगळ्यात नवी कुठली? नळाला कधी लागली?’ चांगल्या ठिकाणी वेटर सांगतो, किंवा ‘थांबा, विचारून येतो’ म्हणतो आणि खरंच विचारून येतो. ‘सर, सगळी फ्रेशच आहे’ हे उत्तर आलं की समजायचं, इथे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

एक प्रसंग सांगतो. एका दुपारी काम आटोपून मी काउंटरवरच बसलो होतो. ब्रुअर गमबूट घालून होजपाइपने फरशी धूत होता. मी विटबिअर मागितली. विटबिअर म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, संत्र्याची साल आणि धणे घातलेली. तो आतूनच ओरडला, ‘ती नको घेऊ, टाकीचा तळ आलाय. गुरुवारी नवी लागेल.’ गिऱ्हाइकाला आपला माल नको म्हणून सांगणारी जागा! तिथे मी आजही जातो.

उलटा प्रसंगही आहे. शनिवारी रात्री, दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही. फळ्यावर आठ बिअर लिहिलेल्या, त्यातल्या पाच ‘आज नाही’. जी आली तिला मायक्रोवेव्हच्या पॉपकॉर्नसारखा बटरचा वास. वेटरला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘सर, त्याचा फ्लेवरच तसा आहे.’ तो फ्लेवर नव्हता. डायअसेटिल नावाचा पदार्थ आहे, यीस्ट आंबवताना तोही तयार करतं आणि चारदोन दिवस जास्त दिले तर स्वतःच परत खाऊन टाकतं. शनिवारची गर्दी गाठायला टाकी घाईने रिकामी केली की तो तसाच राहतो. पाइप नीट धुतले नाहीत, त्यात जिवाणू वाढले, तरी तोच वास येतो. दोन्हीत दोष घाईचा नाहीतर आळसाचा.

असे आणखी दोनतीन वास लक्षात ठेवा, पिण्याची सवय नसली तरी नाक सगळ्यांना असतं. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला, तर उकळताना वाफ नीट जाऊ दिलेली नाही किंवा नंतर थंड करायला वेळ लावलाय. हिरव्या कच्च्या सफरचंदाचा आला, तर बिअर बहुधा अजून तयार व्हायची होती. ओल्या पुठ्ठ्याचा आला, तर हवा लागून शिळी झालीय. आणि जर्मन गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवायझेनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो मात्र तिचा स्वतःचा. केळं कुणी घालत नाही, ते सगळं यीस्टचं काम. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला वाटलं, शिकरण चुकून सांडलंय.

आता मागवायचं काय. फळ्यावरची सगळ्यात साधी बिअर आधी मागवा. लागर किंवा पिल्सनर, म्हणजे फिकट, हलक्या चवीची बिअर, असेल तर तीच. नवीन खानावळीत आपण साध्या वरणावरून अंदाज घेतो, तसंच हे. स्टाउट या काळ्या बिअरमध्ये भाजलेलं धान्य असतं, आयपीए या कडवट प्रकारात हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांचा, कडूपणा असतो, त्याखाली पुष्कळ चुका झाकल्या जातात. लागरमध्ये लपायला जागाच नसते.

लागरचं अजून एक आहे, जे टाक्या विकणाऱ्यालाच सुचेल. एल जातीची बिअर, म्हणजे गव्हाची वगैरे, साधारण अठरा ते बावीस डिग्रीला आंबते आणि दोनेक आठवड्यांत ग्लासात येते. लागर दहाबारा डिग्रीला सावकाश आंबते आणि मग जवळजवळ शून्यावर आठवडेच्या आठवडे पडून राहते. म्हणजे महिना-दीड महिना एक टाकी अडकली. ज्या जागेत चारपाच टाक्याच आहेत, तिथे मालकाच्या हिशोबाने हे नुकसानच, कारण तेवढ्यात गव्हाच्या दोन खेपा निघाल्या असत्या. तरीही फळ्यावर चांगली लागर असेल, तर त्या ब्रुअरचं मालकापुढे काही चालतं, असं समजायला हरकत नाही. हे माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे. पण आजवर फारसं चुकलेलं नाही.

टेस्टर मागायला लाजू नका, छोट्या ग्लासात दोन घोट देतात. फ्रीझरमधला बर्फाळ मग आणला तर साधा ग्लास मागा. जीभ बधिर झाली की सगळ्या बिअर सारख्याच लागतात, आणि काही ठिकाणी तोच उद्देश असतो की काय अशी मला शंका आहे.

ग्लास आल्यावर एक क्षण नुसता बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेत? मग काच नीट धुतलेली नाही, तेलकटपणा राहिलाय. आपल्याकडे बिअरचे ग्लास आणि बटर चिकनच्या वाट्या एकाच सिंकमध्ये जातात, त्याचा हा परिणाम. स्वच्छ ग्लासात फेस टिकतो आणि प्यायल्यावर काचेवर त्याची कडी कडी उमटत जाते. आणि दोन बोटं फेस आला म्हणून ‘माप कमी दिलं’ असं भांडू नका. रसवंतीवरचा हिशोब इथे लावायचा नाही, बिअरचा निम्मा वास त्या फेसातच असतो.

मग पाणी प्यायच्या निमित्ताने काउंटरपाशी जा आणि नळाखालचा ट्रे बघा. चिलटं घोंगावत असतील तर परत येऊन स्टार्टर मागवा आणि बिअर विसरा. डेअरीत आम्ही दूध संपलं की लगेच गरम कॉस्टिक फिरवतो, मग ॲसिड, मग पाणी. दुधाच्या टाकीत जसा मिल्कस्टोन म्हणजे क्षारांचा थर धरतो तसा बिअरच्या टाकीत बिअरस्टोन धरतो, पांढरट, खरखरीत, नखाने निघत नाही. तो गिऱ्हाइकाला दिसणार नाही, पण ट्रे दिसतो. ज्याला ट्रे पुसवत नाही, तो पाइप काय धुणार?

सगळ्यात भरवशाची परीक्षा मात्र मागच्या बाजूला असते. त्यासाठी माल्ट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आजी नाचणीला मोड आणून, सुकवून, दळून सत्त्व करायची ना? माल्ट तसाच, फक्त बार्लीचा. मोड आला की दाण्यात अशी पाचकं तयार होतात, जी पिठाची साखर करतात. हा माल्ट भरडून पासष्ट-सदुसष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवतात आणि गोड पाणी गाळून घेतात. त्या वेळचा वास म्हणजे निम्मा भाजलेल्या सातूच्या पिठाचा आणि निम्मा कुरडयांचा चीक शिजतानाचा. दुपारी गेलात आणि तो वास मिळाला तर नशीबवान आहात.

गाळून झालं की राहतो चोथा. एका खेपेला शेकडो किलो, ओला, गरम. पुण्याच्या उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबतो आणि तिसऱ्या दिवशी गल्ली सोडून जावंसं वाटतं. गुरांना हा चोथा फार आवडतो. मुळशीकडचा माझा एक ओळखीचा गोठेवाला एका ब्रुअरीतून तो पिंपांत भरून नेतो, टेम्पोला उशीर झाला तर ब्रुअरचेच फोन सुरू होतात. तेव्हा पार्किंगमधून येताना जरा मागून चक्कर मारा. मागचा बोळ धुतलेला, पिंपं झाकलेली असतील, तर आत बिनधास्त बसा. जर्मन पाट्या, तांब्याचा चकचकीत पत्रा, १५१६ सालच्या बव्हेरियन शुद्धतेच्या कायद्याचं फ्रेम केलेलं वाक्य, यातलं काहीही त्या बोळाइतकं खरं बोलत नाही. (त्या कायद्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. फ्रेमच्या शेजारीच आंब्याची बिअर विकायला ठेवलेली मी बघितलीय.)

आंब्यावरून आठवलं. ‘लोकल’ शब्दाला फार भुलू नका. हॉप्स बहुतेक जर्मनी-अमेरिकेहून येतात, आपल्याकडे हिमाचलमधल्या लाहौलच्या खोऱ्यात थोडे पिकतात तेवढेच. यीस्टही बाहेरचंच. आणि बिअरमध्ये हापूसचा गर ओतला म्हणून ती कोकणातली होत नाही, पुष्कळदा बाळाच्या औषधासारखी लागते. पण विचार करून घातलेली गोष्ट वेगळी. एकदा कोकम आणि मीठ घातलेली आंबट बिअर प्यायलो. जर्मनीत गोझे नावाचा मुळातच खारट-आंबट प्रकार आहे, त्याच धर्तीवर केलेली. ग्लास संपेपर्यंत मला सुरमईचं ताट समोर हवं होतं. असं काही फळ्यावर असेल तर दुसरा ग्लास त्याचा घ्या.

मेव्हण्याने बंगळुरू काढलंच तर तुमच्याकडेही एक हुकमाचा पत्ता असू द्या. बंगळुरूची नावाजलेली ब्रुअरी टॉइट २०१० ची. पुण्यात डूलाली २००९ मध्ये सुरू झालं होतं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. आणि तो ‘डूलाली’ शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ म्हणजे डोकं फिरलेला. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. हे ऐकवलंत की निदान एक ग्लासभर तरी तो गप्प बसेल.

जायचं कधी, तर मंगळवार-बुधवारी, संध्याकाळी सहाच्या आत. गाणी हळू असतात, वेटरला बोलायला वेळ असतो आणि ब्रुअर बहुधा अजून घरी गेलेला नसतो. तो दिसला तर टाक्या दाखवाल का, असं विचारून बघा. ज्याला कामाचा अभिमान असतो तो गमबुटासकट तासभर बोलतो, मेव्हण्यालाच मग आवरावं लागेल. गाडी घरी ठेवा, रिक्षाने जा. आणि तुम्हाला स्वतःला फार नको असेल तर हेफेवायझेनचा एक छोटा ग्लास घ्या. शिकरणाचा वास आला की नाही, ते इथे खाली लिहा.