स्लीव्हचं ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलंय : आधी काय करून ठेवाल आणि नंतर काय सांभाळाल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय 43, वजन 112, बारा वर्षांची शुगर, पूर्ण शाकाहारी, एकत्र कुटुंब आणि स्लीव्हची (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकायच्या ऑपरेशनची) तारीख तीन आठवड्यांवर. शेवटी तुम्ही विचारलंय, "पोळीभाजी पुन्हा खाता येते का, की कायमची सुटली?"

आधी त्याचंच उत्तर देते. येते खाता. आज दुपारी मी अर्धी ज्वारीची भाकरी, छोटी वाटी मटकीची उसळ आणि दोन चमचे दही खाल्लं, पोट भरलं. माझं स्लीव्ह 2017 मध्ये झालं. तेव्हा वजन 118 होतं, सगळ्यात खाली 79 पर्यंत गेलं, आज 84 आहे. पण त्या अर्ध्या भाकरीपर्यंत पोचायला मला पाच महिने लागले. तुम्हाला कमीजास्त लागतील, घाई करू नका.

ऑपरेशनआधीचे दोन आठवडे जे पातळ, कमी उष्मांकाचं जेवण देतात त्याला शिक्षा समजू नका. आपल्यासारख्यांचं यकृत चरबीने सुजलेलं असतं आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना सर्जनला तो उचलून धरावा लागतो. दोन आठवड्यांत तो आकसतो आणि काम सोपं होतं. "आता पुढे काही खाता येणार नाही" म्हणून आदल्या आठवड्यात घरचे जेवणाचे बेत आखतात. माझ्याकडेही आखले होते. प्रेमाने करतात, पण नाही म्हणा.

याच पंधरवड्यात शुगर झपाट्याने उतरते. इन्सुलिन किंवा गोळ्या जुन्याच डोसने चालू ठेवल्या तर चक्कर येऊन पडायला होतं. पहिल्या दिवसापासून घरी शुगर तपासा आणि डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. तुमच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर ते मुद्दाम सांगा. ती गोळी ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर उपाशी शरीरात आम्ल साठतं, आणि शुगरचा आकडा नॉर्मल दिसत असल्यामुळे ते पटकन लक्षातही येत नाही.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट येतं. हे सर्जनला सांगितलंय का? स्लीव्हनंतर ही जळजळ काहींची वाढते. एंडोस्कोपीचा (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट समोर ठेवून, "माझ्यासाठी स्लीव्ह बरं की बायपास?" असं सरळ विचारा. बायपास म्हणजे हृदयाचं नव्हे, जठर छोटं करून आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायचं ऑपरेशन. तारीख ठरली म्हणून हा प्रश्न गिळू नका.

आता घराबद्दल. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत घेऊन जा. मला हे उशिरा सुचलं. मी पहिल्या महिन्यात दोन चमचे पातळ मुगाचं वरण घेऊन थांबायचे आणि आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. सून उपाशी राहतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. शेवटी डाएटिशियनने कागदावर चित्र काढून दाखवलं की जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढलाय, उरलीय ती केळ्याएवढी नळी. त्या दिवसापासून त्या स्वतः माझ्यासाठी मुगाचं कढण गाळून ठेवायला लागल्या. घरातलं एक माणूस असं आपल्या बाजूला आलं की बाकीच्यांचा आग्रह तेच थोपवतं.

खाण्याच्या पायऱ्या हॉस्पिटल लिहून देईल, त्याच पाळा. साधारण दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. शाकाहारी माणसाची खरी अडचण प्रोटीनची. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात, आणि वरणाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. दाट वरणाच्या वाटीतसुद्धा पाच-सहा ग्रॅमच. म्हणून सुरुवातीचे महिने प्रोटीन पावडरला पर्याय नाही, तिच्याबद्दल मनात किंतु ठेवू नका. पुढे पनीर, चक्का, मऊ शिजवलेली मूगडाळ, सोया. पानात आधी उसळ किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. गरम पोळी आणि मोकळा भात मला सगळ्यात जास्त छळायचे. छातीत घास अडकल्यासारखं दाटून यायचं, तोंडात फेस यायचा. भाकरी ताकात कुस्करून मऊ केली की जायची. लहान मुलाचा चमचा आणि छोटी वाटी घ्या, अर्धा तास बसून खा. जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्ध्या तासाने, आणि तेही घोट घोट. दिवसभरात दीड-दोन लिटर जायला हवं, त्यासाठी बाटली सतत हाताशी लागते.

पंगतीत जपा. "पानात टाकू नये" हे आपल्या हाडामांसात इतकं भिनलेलं असतं की पोट भरल्यावरही हात थांबत नाही. मी कुठेही गेले तरी आधीच छोटी ताटली मागून घेते. कडक उपासही पहिलं वर्षभर सोडा. साबुदाण्यात प्रोटीन नसतं, आणि तेवढ्याशा पोटात तो गेला की दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या सोडू नका, कधीच. मी सोडल्या होत्या. तिसऱ्या वर्षी अंगात उत्साह होता, कपडे बसत होते, म्हणून स्वतःहून मल्टिव्हिटॅमिन आणि बी-ट्वेल्व बंद केलं, वर्षाची रक्ततपासणीही टाळली. सात-आठ महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, चप्पल बदलायला हवी. मग जिना उतरताना पाय नीट टेकलाय की नाही हे कळेना. बी-ट्वेल्व तळाला गेलं होतं, हिमोग्लोबिन 8.9. इंजेक्शनं घेऊन वर्ष गेलं तेव्हा मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण उजव्या पायाची दोन बोटं आजही बधिर आहेत. तुम्ही शाकाहारी, त्यात मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, आणि आता स्लीव्ह. तिन्ही गोष्टी बी-ट्वेल्व कमी करणाऱ्या. ते ऑपरेशनच्या आधीच तपासून भरून काढा, ड जीवनसत्त्व आणि लोहसुद्धा. नंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागू शकतात, अगदी मुठीने. माझे वर्षभरात परत आले. वजनाचा काटाही मध्येच दोन-तीन आठवडे हलत नाही, बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच हा अनुभव येतो. तेव्हा जेवण आणखी कमी करू नका. सुरुवातीचे महिने भूक फारशी लागतच नाही, कारण भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः जठराच्या कापलेल्या भागातूनच येत असतं. पुढे ती हळूहळू परत येते. तोवर हात आणि डोळे नव्या मापाला सरावलेले असले पाहिजेत. ज्यांचं वजन दोन वर्षांनी पुन्हा चढलं असं मी जवळून पाहिलं, त्यांचं बहुतेकांचं जेवण कमीच होतं. दिवसभर चहा-बिस्किट, फरसाण, ज्यूस असं सुरू होतं, आणि हे त्या नळीतून अलगद उतरतं.

घरच्यांना हेही सांगून ठेवा : पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी 120 च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप लागणं, एका पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. सतत उलट्या होऊन डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं किंवा तोल जायला लागला तर बी-वन जीवनसत्त्व संपलेलं असू शकतं. कॅज्युअल्टीत पाऊल ठेवताच "जठराचं ऑपरेशन झालंय" हे सांगायचं, कारण ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-वन द्यावं लागतं. डोकं किंवा गुडघे दुखले तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मनाने घ्यायचं नाही, पॅरासिटॅमॉल चालतं. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची गोळी बरेच डॉक्टर देतात, तुमच्या कागदावर नसेल तर विचारा.

विम्याबद्दल थोडक्यात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते दाखवणारा आकडा) 40 किंवा जास्त, नाहीतर 35 किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर असे निकष पॉलिसीत असतात, वेटिंग पीरियडही (पॉलिसी घेतल्यावर हा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत) असू शकतो. डॉक्टरांच्या पत्रात तुमचा बीएमआय आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) आकड्यांत लिहून घ्या आणि मंजुरी लेखी आल्यावरच भरती व्हा.

आता एवढं करा : गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत भरा आणि उद्या डॉक्टरांसमोर ठेवा. एंडोस्कोपीत काय निघालं आणि त्यावर सर्जन काय म्हणाले, ते इथे कळवा. मी रोज रात्री नऊनंतर बघते.