डायबेटिसची घरची काळजी आणि फॉरेन्सिक सायन्स, या दोन्हींवर मिळून विद्यापीठात काही संशोधन होतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, पुढे फॉरेन्सिक घ्यायचंय, घरी आजीचं इन्सुलिन आणि शुगर तपासणं तुमच्याकडे. आणि सर म्हणाले, या दोन विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

सरांना नमस्कार सांगा, पण संबंध आहे. मी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि चौदाव्या वर्षापासून मला टाइप १ डायबेटिस आहे, म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही. सकाळी स्वतःच्या पोटात सुई, दिवसभर दुसऱ्यांच्या पोटातला व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयव). त्यामुळे या प्रश्नाचा मला जरा जास्तच पुळका आहे.

मूळ अडचण अशी की मेल्यावर रक्तातल्या साखरेवर विश्वास ठेवता येत नाही. श्वास थांबला तरी पेशी काही काळ ग्लुकोज खात राहतात, म्हणून हातापायाच्या रक्तात आकडा घसरतो. उलट मरताना यकृतातला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) फुटून साखर हृदयाच्या उजव्या बाजूला येते, म्हणून तिथे आकडा वाढतो. एकाच देहात दोन आकडे, दोन्ही फसवे. म्हणून डोळ्यातला जेलीसारखा द्रव, व्हिट्रियस, काढून तपासतात. तिथे बाहेरची ढवळाढवळ उशिरा पोहोचते. पण मृत्यूनंतर त्यातलीही साखर कमीच होत जाते. म्हणजे व्हिट्रियसमध्ये साखर खूप जास्त निघाली तर मृत्यूआधी ती जास्त होती हे धरता येतं, सोबत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळते तेव्हा तयार होणारे पदार्थ) निघाले तर चित्र आणखी स्पष्ट. कमी निघाली तर? हायपो (साखर धोकादायक घसरणं) झाला होता की नुसताच वेळ गेला होता, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

या अडचणीशी पहिली मोठी झुंज १९५७ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला झाली. केनेथ बार्लो नावाच्या परिचारकाची बायको मे महिन्यात बाथटबमध्ये मेलेली सापडली. आपण तिला शुद्धीवर आणायचा पुष्कळ प्रयत्न केला असं तो सांगत होता, पण त्याचा पायजमा कोरडा आणि तिच्या कोपराच्या खळग्यात पाणी तसंच साचलेलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. भिंग घेऊन त्वचा तपासल्यावर नितंबांवर सुईच्या खुणा सापडल्या. तिला डायबेटिस नव्हता. हृदयातल्या रक्तात साखर कमी तर नाहीच, उलट जास्त होती, कारण वर सांगितलं तेच. मग खुणांच्या आसपासचं मांस कापून घेतलं, त्याचा अर्क उंदरांना टोचला, आणि उंदीर हायपोने थरथरून पडले. हिशेब केल्यावर ८४ युनिट इन्सुलिन निघालं. इन्सुलिनने केलेला खून कोर्टात सिद्ध झाल्याची ही पहिली केस मानतात. त्याला जन्मठेप झाली.

पुढे उंदरांची गरज उरली नाही. यॅलो आणि बर्सन यांनी किरणोत्सारी खुणेने रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली, त्यासाठी यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं (बर्सन तोवर गेले होते). शिकागो विद्यापीठात डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये प्रोइन्सुलिन, म्हणजे ज्यातून इन्सुलिन तयार होतं तो मूळ रेणू, शोधलं. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एका इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइडचा तुकडा सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनसोबत तो नसतो. म्हणून इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड जवळपास नाही, म्हणजे इन्सुलिन बाहेरून टोचलंय. पाठ्यपुस्तकात हे वाचलं तेव्हा किती सुटसुटीत आहे असं मला वाटलं होतं. दोन मिनिटांनी लक्षात आलं की माझा रिपोर्ट जिवंतपणी रोज असाच असतो! टाइप १ च्या माणसाचं सी-पेप्टाइड संपलेलंच असतं आणि इन्सुलिन सगळं टोचलेलं. त्याने चुकून दोनदा घेतलं, मुद्दाम घेतलं की कुणी दिलं, हे त्या गुणोत्तरातून कळत नाही. तिथे उपयोगी पडते ती त्याने स्वतः ठेवलेली नोंद. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं.

आता एक योगायोग बघा. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, रुग्णाने घरीच बोटातून रक्त काढून साखर तपासली तर नियंत्रण सुधारतं, असं दाखवणारे दोन निबंध आले. त्यातला एक नॉटिंगहॅमचा, रॉबर्ट टॅटर्सल यांच्या गटाचा. आज आजीच्या बोटाला तुम्ही लॅन्सेटची सुई टोचता ती वहिवाट तिथून पसरली. याच टॅटर्सल यांनी १९९१ मध्ये जी. व्ही. गिल यांच्यासोबत टाइप १ च्या तरुण माणसांचे अनाकलनीय मृत्यू गोळा करून अभ्यासले. त्यातले २२ जण रात्री ठणठणीत झोपले आणि सकाळी अंथरुणात मेलेले सापडले. झटापट नाही, चादर विस्कटलेली नाही, शवविच्छेदनात काही नाही. याला ‘डेड इन बेड’ म्हणतात. हायपोचा संशय होता, पण पुरावा कुठून आणणार?

तो २०१० मध्ये अमेरिकेतल्या ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. इन्सुलिन पंपवर असलेला २३ वर्षांचा तरुण अंथरुणात मेलेला सापडला, अंगावर ग्लुकोज सेन्सर होता. तो सेन्सर आकडे साठवायचा, पण घालणाऱ्याला दाखवायचा नाही. मेमरी उतरवून घेतली तर मृत्यूच्या सुमारास साखर ३० च्या खाली. रात्री तीनला आई अजूनही फोन करते त्याचा मला वैताग यायचा, हा निबंध वाचल्यापासून येत नाही.

साखर कमी झाल्यावर हृदयाचं काय होतं यावर शेफील्ड विद्यापीठात सायमन हेलर यांच्या गटाने काम केलंय. त्यांनी रुग्णांना सेन्सर आणि होल्टर (हृदयाच्या ठोक्यांची सतत नोंद करणारं यंत्र) एकत्र लावले. रात्रीच्या हायपोत ठोके मंदावतात आणि लय बिघडते असं दिसलं. जेवणाप्रमाणे डोस ठरवायला शिकवणारा डॅफ्ने हा पाच दिवसांचा अभ्यासक्रम ब्रिटनमध्ये रुजवणाऱ्यांतही हेच हेलर आहेत. तेव्हा सरांना हे नाव जरूर सांगा.

आपल्याकडे काय, तर व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात बरणीत येतो, रक्त सोडियम फ्लोराइड घालून. कीटकनाशक शोधायला ते चालतं. इन्सुलिनसाठी रक्त लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम गोठवावं लागतं, कारण फुटलेल्या रक्तपेशी इन्सुलिन खाऊन टाकतात. अकस्मात मृत्यूची नोंद होऊन नमुना आमच्या टेबलावर येईपर्यंत ती वेळ बहुधा टळलेली असते.

म्हणून मला वाटतं, तुमच्यासारख्याने प्रबंध करायचा तर महागड्या यंत्राच्या मागे न लागता पंचनाम्यापासून सुरुवात करावी. फ्रिजमधली इन्सुलिनची बाटली ४० ची की १०० ची (एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट), सिरिंजचं टोपण लाल (४० साठी) की नारिंगी (१०० साठी), हे कुणी लिहून घेतं का? १०० ची बाटली आणि ४० ची लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी जमली, तर १० च्या खुणेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात २५ युनिट असतं. घरातली ही साधी चूक जीव घेऊ शकते. बाहेरून बघणाऱ्याला ती आत्महत्या किंवा खून वाटू शकते. सिरिंज कचऱ्यात गेली की विषय संपला.

दुसरा विषय मला जास्त आवडतो. ग्लुकोमीटरच्या मेमरीत शेकडो आकडे वेळेसकट असतात, पण त्यातलं घड्याळ बरोबर असतं का? सेल बदलल्यावर तारीख पुन्हा लावायचा कंटाळा सगळ्यांनाच. मी ऑफिसातल्या चार डायबेटिसवाल्यांचे मीटर पाहिले. एकाचं घड्याळ बारा तास पुढे होतं, म्हणजे त्याचा रात्रीचा हायपो कागदावर दुपारचा. माझं स्वतःचं चाळीस मिनिटं मागे होतं, आणि हे सगळं मला कळत असूनही मी ते अजून लावलेलं नाही. शंभर घरांत जाऊन एवढंच मोजलंत तरी एम.एस्सी.ला पुरेल. परवानगीसाठी एथिक्स कमिटीकडे अर्ज मात्र आधी टाका, त्यातच निम्मं वर्ष जाऊ शकतं.

सुरुवात आजीच्या मीटरपासून करा. त्यात आत्ता किती वाजलेत ते खाली प्रतिक्रियेत लिहा.