कॉलेज रोडचा टू-बीएचके: ताब्याच्या दुसऱ्या दिवशी हातात काय उरणार?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही हिशेब समजेल. तुम्ही शाळेत शिक्षिका, यजमान नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरीला, त्यांचं वय 42. दोघांचे मिळून हातात 1 लाख 2 हजार येतात. मुलगी नववीत. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत सात वर्षं 18,000 भाड्याने राहताय आणि आता घरमालकांनी दिवाळीपर्यंत घर रिकामं करायला सांगितलंय. त्याच भागात नव्या इमारतीत 720 चौरस फूट कार्पेटचा टू-बीएचके पाहिलात, किंमत 72 लाख. 55 लाखांचं कर्ज बँकेने तोंडी मंजूर केलंय. एफडी 13 लाख, म्युच्युअल फंड 8 लाख आणि यजमानांचा पीएफ 9 लाख, हे सगळं घालायचं ठरवलंय. एक लाख टोकन दिलंय, पंधरा दिवसांत करार करायचाय. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय, "शरणपूर रोडच्या बाजूला 18 वर्षं जुन्या इमारतीतला एक फ्लॅटही पाहिला होता, 54 सांगतात, पण तो मनात भरला नाही."

माझं मत आधी सांगतो. घर घ्या, याच भागात घ्या, पण 72 लाखांचा हा फ्लॅट घेऊ नका. त्या शेवटच्या ओळीतल्या घराकडे परत जा.

आता कारणं. जाहिरातीतला आकडा 72 असला तरी तुमचा आकडा 72 नाही. नाशिक महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क एकूण 6 टक्के, म्हणजे 4 लाख 32 हजार. नोंदणी शुल्काची कमाल मर्यादा 30 हजार. वीज मीटर, सोसायटीची अनामत, एकरकमी मेंटेनन्स आणि पार्किंग यांचे बिल्डरने अडीच लाख सांगितलेत. फर्निचर, किचन ट्रॉली, पंखे-दिव्यांसाठी तुम्ही स्वतःच पाच लाख धरलेत. एकूण 84 लाख 12 हजार. त्यातले 55 बँकेचे, उरलेले 29 लाख 12 हजार तुमचे. तुमच्याकडे सगळं मिळून 30 लाख आहेत. म्हणजे ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, पीएफसकट सगळं रिकामं करून, तुमच्या हातात 88 हजार असतील.

माझी खरी काळजी इथे आहे. साडेआठ टक्के व्याज धरलं तर 20 वर्षांसाठी 55 लाखांचा हप्ता 47,730 होतो. मेंटेनन्स 4,000. भाडं सोडून घरखर्च 52,000 होतो असं तुम्हीच लिहिलंय. बेरीज केली तर 1 लाख 3 हजार 730. उत्पन्न 1 लाख 2 हजार. पहिल्याच महिन्यात दोन हजारांच्या आसपास तूट, आणि ती भरायला मागे फक्त 88 हजार. त्यातून व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणारा आहे. तो एका टक्क्याने वाढला तर हप्ता 51 हजारांच्या पुढे जाईल, नाहीतर बँक मुदत लांबवेल. यजमान 58 व्या वर्षी निवृत्त होतील आणि कर्ज 62 व्या वर्षापर्यंत चालेल. मुलगी साडेतीन वर्षांत बारावी पार करेल. अभियांत्रिकी असो, नर्सिंग असो वा बीकॉम, पैसे लागण्याचे दिवस आणि तुमच्या तंगीचे दिवस एकाच वेळी येताहेत.

"एवीतेवी भाडं भरतोच, तेच हप्त्यात जाईल" असं तुम्ही लिहिलंत. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण आकडे तसं सांगत नाहीत. पहिल्या हप्त्याच्या 47,730 मधले 38,958 निव्वळ व्याज आहे. मुद्दलात जातात 8,772. भाड्याचे 18,000 "वाया" जात असतील, तर सुरुवातीची काही वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त व्याजात जाणार आहेत. दुसऱ्या बाजूने बघा. असाच फ्लॅट तुम्हाला वर्षाला 2 लाख 16 हजार भाड्यात मिळतोय, म्हणजे 72 लाखांवर 3 टक्के. कॉलेज रोडची संध्याकाळ, चालत जाता येणारे क्लासेस, बीवायके-एचपीटी कॉलेजांचा परिसर, सगळं त्या भाड्यात आलंच आहे.

तरीही "भाड्यानेच राहा" असं मी सांगणार नाही. नाशिकमधलं हे तुमचं तिसरं घर. दर वेळी सामान बांधायचं, मुलीच्या अभ्यासाची जागा बदलायची आणि घरमालकाचा फोन आला की पोटात गोळा यायचा. याची किंमत कुठल्या एक्सेल शीटमध्ये येत नाही, पण ती खरी आहे, आणि ती मोजूनच मी घर घ्या म्हणतोय.

आता पीएफविषयी. घरासाठी तो काढायला नियमांची मुभा आहे, म्हणून सगळे काढतात. 2024-25 साठी पीएफवर 8.25 टक्के व्याज होतं, आणि ते साधारणपणे करमुक्त. साडेआठ टक्क्यांचं कर्ज थोडं कमी करण्यासाठी सव्वाआठ टक्के करमुक्त देणारा पैसा मोडायचा, यात मिळतं जवळपास काहीच नाही, आणि यजमानांच्या म्हातारपणाची सगळ्यात भरवशाची ठेव जाते. त्याला हात लावू नका.

ऑफिसातल्या मंडळींनी यजमानांना सांगितलंय की गृहकर्जाने टॅक्स वाचतो. त्यांच्या बाबतीत वाचवायला टॅक्सच नाही. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, नोकरदारांना प्रमाणित वजावट धरून 12 लाख 75 हजारांपर्यंत. त्यांचा वार्षिक पगार साडेदहा लाखांच्या घरात आहे. शिवाय या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावटही मिळत नाही.

यातून तुमच्यासाठी एक चांगली गोष्ट निघते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर घेण्यामागे बहुतेकदा करवजावटीचं कारण असतं. ते तुम्हाला लागू नाही. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. जोडीने घेतलं तर ती मिळत नाही. घर तुमच्या एकटीच्या नावावर आणि यजमान कर्जात सहकर्जदार, असं सहसा करता येतं. 72 लाखांच्या फ्लॅटवर यात 72 हजार वाचतील, पण तेवढ्याने वरचं चित्र बदलत नाही. जुन्या घराच्या हिशेबात मात्र ही सवलत धरतो.

तर ते जुनं घर. 54 सांगताहेत, तुम्ही 50 ला मागा. 52 च्या वर जाऊ नका. रिसेलमध्ये बोलणी होतात, आणि कर्ज तयार असलेल्या ग्राहकाचं विकणारा ऐकतो. 50 ला ठरलं असं धरू. मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांनी अडीच लाख, नोंदणी 30 हजार, एजंटचे 50 हजार. सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम 25 हजारांपर्यंत, शहरात त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. त्यांनी जास्त मागितले तर नम्रपणे नियम दाखवा. रंग, बाथरूम आणि वायरिंग यांना तीन लाख. एकूण 56 लाख 55 हजार. 40 लाख कर्ज काढलंत तर तुमचे 16 लाख 55 हजार लागतील. पीएफला हात न लावता 4 लाख 45 हजार शिल्लक राहतील. हप्ता 34,713, मेंटेनन्स 2,000 धरूया, घरखर्च 52,000. महिन्याला 13 हजारांच्या वर उरतात. मुदत 20 वर्षंच ठेवा, पण बोनस आला की मुद्दलात भरा. वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. वर्षाला एक जादा हप्ता भरलात तरी कर्ज काही वर्षं आधी संपेल.

घर मनात भरलं नाही म्हणालात, ते समजू शकतो. नव्या इमारतीची लॉबी, क्लब हाऊस, काचेची गॅलरी बघून आल्यावर जुना जिना फिका वाटणारच. पण वरच्या चकचकाटाच्या खाली काय आहे तेही बघा. जुन्या इमारतीत 16 फ्लॅट आहेत, नवीत 56. प्लॉट जवळजवळ सारखेच असतील, तर जमिनीतला तुमचा अप्रत्यक्ष वाटा कुठे मोठा, ते उघड आहे. बांधकाम जुनं होतं, पुढे भाव वाढतो तो मुख्यतः जमिनीचा. पुढे पुनर्विकास झालाच तर हाच वाटा कामी येतो. म्हणूनच कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. झालं नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारी अधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा मार्ग आहे, पण मग भाव अजून खाली यायला हवा. त्यानंतर भोगवटा दाखला, भागप्रमाणपत्र, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल. हे बघताना घाई नको. संडासाच्या छताला ओल असेल तर ती पावसाळ्यातच दिसते, त्यामुळे सप्टेंबर संपायच्या आत एकदा जाऊन या.

नवीच इमारत पाहिजे असं यजमान म्हणाले, तर शनिवारी रात्री आठ वाजता तिथे जाऊन उभे राहा. खाली दुकानं आहेत असं लिहिलंत. उद्या तिथे हॉटेल आलं तर त्याची चिमणी कुठल्या बाजूने वर जाणार, ग्राहकांच्या गाड्या कुठे लागणार, दुकानदार मेंटेनन्स किती भरणार, हे करारात लिहून घ्या. एप्रिल-मेमध्ये टँकर किती लागतात, ते शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारा.

एजंट म्हणतोय, कुंभमेळ्यानंतर भाव हाताबाहेर जातील. सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. रस्ते होतील, पूल होतील, शहराला त्याचा उपयोग होईल. पण गर्दी रामकुंडावर आणि त्र्यंबकला. भाव वाढेल या एका आशेवर तूट असलेला संसार चालवू नये. आणि दुसरं घर शोधायला गंगापूर रोडच्या नदीकडच्या बाजूला गेलात तर महापालिकेच्या नकाशावर पूररेषा तपासा. 2008 आणि 2016 चे पूर ज्यांनी पाहिलेत, ते धरणातून विसर्ग सुटला की आधी विचारतात, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय. घर घेताना हा प्रश्न पावसाळ्याआधी विचारायचा असतो.

दिवाळीची मुदत डोक्यावर घेऊ नका. तोवर काही जमलं नाही तर अकरा महिन्यांच्या करारावर अजून एक भाड्याचं घर घ्या. टेम्पो आणि अनामत यांचा त्रास होईल हे मान्य, पण तो वर्षभरात विसराल. चुकीचा हप्ता 20 वर्षं सोबत राहील.

कर्ज कुठलंही काढा, त्याआधी यजमानांचा एक कोटीचा टर्म विमा उतरवा. कंपनीचा 10 लाखांचा गट विमा नोकरी सुटली की संपतो. बँक कर्जासोबत एकरकमी प्रीमियमचा विमा देऊ करेल आणि तो कर्जातच मिळवेल. तो घ्यायचा की नाही, हे आधी वेगळ्या टर्म विम्याचा दर विचारून ठरवा.

आता टोकनचं. पावती असेलच, ती काढा आणि रद्द केल्यास पैसे कधी, किती परत मिळतील ते लेखी विचारा. मेसेज किंवा ईमेलवर, तोंडी नको. नोंदणीकृत करार नसताना बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तेव्हा "अजून पाच-सात लाख भरून फ्लॅट पक्का करा" असा आग्रह झाला तर थांबा. त्यांनी टोकनातले काही हजार कापले, तरी माझा सल्ला तोच राहील. शरणपूर रोडच्या घरमालकांची कागदपत्रं हाती आली की मला पाठवा, करारावर सही करण्याआधी आपण ती एकदा एकत्र वाचू.