पहिली प्रतिकृती कोणत्या रणगाड्याची करावी?

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरलेल्या, ब्रिटिश मेजर जनरल होबार्ट यांच्या ७९ व्या आर्मर्ड (चिलखती) डिव्हिजनच्या रणगाड्यांपासून तुम्ही सुरुवात करत आहात, हे उत्तमच. मात्र साखळ्या आपटून सुरुंग फोडणारा ‘क्रॅब’ आताच हाती घेऊ नका, कारण त्या साखळ्या भल्याभल्यांना रडवतात. त्याऐवजी आखूड, २९० मिमीच्या पेटार्ड तोफेचा ‘चर्चिल एव्हीआरई’, म्हणजे लष्करी अभियंत्यांचा चर्चिल रणगाडा, घ्यावा.

नवखे हमखास चुकतात ते इथे :

- किनारा म्हटला की वाळवंटी पिवळा रंग देतात. हवा असतो गडद ऑलिव्ह.
- तरंगत्या ‘शर्मन डीडी’चा कॅनव्हासचा पडदा उभा ठेवून तोफ डागताना दाखवतात. वास्तविक उभ्या पडद्याआड तोफ झाकलेली असे आणि किनाऱ्याला लागल्यावर तो खाली पाडूनच मारा करता येई.

गंज आणि चिखल रंगवण्याचे कसब तूर्त राहू द्या.