जुनी स्प्लेंडर इलेक्ट्रिक करून घ्यावी का?

वडिलांची 2012 ची स्प्लेंडर, इंजिन धूर मारतंय, भांडुप ते अंधेरी रोजचं येणं-जाणं, आणि गाडी विकायची नाही. मग ती इलेक्ट्रिक करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी घाटकोपरला बॅटरीच्या गाड्यांचंच काम करतो, तरीही सांगतो: तुमच्या रनिंगला हे परवडणार नाही. आधी बोअर-पिस्टनचं काम करून घ्या.

हिशेब साधा आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने येऊन-जाऊन 30 किलोमीटर धरा. 60 चं ॲव्हरेज असेल तर अर्धा लिटर पेट्रोल, म्हणजे बावन्न रुपये. तेच अंतर बॅटरीवर काटायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून, सव्वा युनिट लागेल. युनिटला बारा रुपये पकडले तरी पंधरा रुपये. वर्षाला दहा-अकरा हजार वाचतील. किट (म्हणजे मोटर, तिला वीज सोडणारा कंट्रोलर वगैरे सामान), बॅटरी आणि फिटिंग मिळून खर्च ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जातो. तो भरून निघायला सात ते नऊ वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीच थकलेली असेल. शिवाय 2027 मध्ये गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षं होतात. पुढे पाच-पाच वर्षांनी पासिंग. दिवसाला शंभर किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरांना मात्र मी हो म्हणतो. त्यांचे पैसे दोन-अडीच वर्षांत सुटतात, फक्त दुपारी एकदा चार्जिंगची सोय हवी.

तरी वडिलांची गाडी म्हणून करायचीच असेल, तर मोटरपेक्षा कागदांची काळजी जास्त घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. किट एआयएस-123 या मानकाप्रमाणे तपासलेलं, गाड्यांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं हवं, आणि ती मंजुरी तुमच्याच मॉडेलसाठी हवी. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीचं स्प्लेंडरचं किट 2021 मध्ये बाजारात आलं. तेव्हा त्याची किंमत 35 हजारांच्या आसपास होती आणि बॅटरी वेगळी. फिटिंगनंतर आरटीओत आरसीवर इंधनाच्या जागी इलेक्ट्रिक अशी नोंद होते, नंबर प्लेट हिरवी होते, पीयूसी लागत नाही. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडकतो. ‘250 वॅटची मोटर लावा, नोंदणीच लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर तिथून निघा. ती सूट ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या, तशाच मंजूर झालेल्या गाड्यांना आहे. नोंदणी झालेल्या मोटरसायकलला ती लागू नाही.

किटमध्ये बहुधा मागच्या चाकात हब मोटर येते. ती बसवायला सोपी, चेनची कटकट नाही. पण मोटरचं सगळं वजन चाकात जातं, आणि आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत रिम आणि शॉकॲब्सॉर्बर त्याचा मार खातात. दुसरा धोका पाण्याचा. मोटरची केबल ॲक्सलमधून बाहेर येते आणि पाणी तिथूनच आत शिरतं. अंधेरी सबवेत किंवा हिंदमाताला पाणी भरलं असेल तर गाडी घालूच नका, कंट्रोलर कितीही वॉटरप्रूफ सांगितलेला असो.

बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटचीच घ्या. वजनाला जड असते, पण उन्हात ट्रॅफिकमध्ये तापली तरी दुसऱ्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा शांत राहते आणि चार्जिंगची आवर्तनंही जास्त देते. 72 व्होल्ट 40 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जवळपास तीन युनिट वीज. प्रत्यक्षात 70-80 किलोमीटर मिळतील, पवईच्या चढाला डबलसीट असाल तर कमी. आणि ती पंचवीस किलोच्या वर भरते. चाळीत तिसऱ्या मजल्यावर रोज उचलून न्यायची नाही. खिडकीतून एक्स्टेन्शन वायर खाली सोडून तर चार्ज करूच नका. घरमालक किंवा सोसायटीकडून लेखी परवानगी घेऊन खाली अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट घ्या.

ॲडव्हान्स देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी हातात घ्या: तुमच्या मॉडेलचं नाव असलेल्या मंजुरीची प्रत, आरटीओचं काम कोण करणार हे लिहून, आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षं किंवा किती किलोमीटर ते बिलावर. यातलं एकही द्यायला तो कां-कू करत असेल तर गाडी त्याच्या ताब्यात देऊ नका.