लाळेच्या तपासणीतून पक्षाघाताचे निदान होऊ शकते का?

सध्या तरी नाही. संशोधन सुरू असले तरी निदान आजही सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरच होते. मेंदूच्या पेशींना इजा झाली की जीएफएपी, एस१००बी यांसारखी प्रथिने रक्तात उतरतात आणि त्यांचा अल्पसा अंश लाळेतही येऊ शकतो, ही यामागची मूळ धारणा. अडचण अशी की लाळेतील हे प्रमाण फारच कमी असते आणि हिरड्यांतून किंचित रक्त येत असले तरी आकडा बिघडतो. शिवाय पक्षाघाताच्या रुग्णाला अनेकदा नीट गिळता येत नाही, त्यामुळे त्याला नळीत थुंकायला सांगणे व्यर्थ. गालाच्या आतून कापूस गुंडाळलेली काडी फिरवूनच नमुना घ्यावा लागतो.

माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे: रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे की वाहिनी फुटली आहे? गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या ४.५ तासांत द्यायचे असते, आणि तेच रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले तर जिवावर बेतू शकते. म्हणून तोंड वाकडे होणे, एका हातातील बळ जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसल्यास स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे.